डावीकडची चौतीस वर्षं

साडी-गार्डचे नट गंजून घट्ट बसले होते. यशवंतरावांनी ते करवतीने कापले आणि जाळी कोपऱ्यात टाकली. निवृत्तीनंतर दोन वर्षं गॅरेजमध्ये खपून त्यांनी जुनी मोटरसायकल पुन्हा उभी केली होती. मागची सीटही आता काढून झाली होती.

“आणि मी कुठे बसू?” दारात उभ्या असलेल्या कुमुदने विचारलं.

“तुला झेपणार आहे का आता? हिमाचलला मी एकटाच जाईन.”

“चौतीस वर्षं एका बाजूला पाय सोडून बसले. डावीकडचं सगळं मागे पळताना पाहिलं. समोरून रस्ता कसा येतो, ते एकदाही दिसलं नाही मला.”

“मग कधी बोलली नाहीस!”

“बोलायचे की. तुम्हाला वाटायचं, हळू चालवा म्हणतेय.”

यशवंतराव पाना पुसू लागले. कुमुदने पदर खोचला, साडी वर सावरली आणि स्टँडवरच्या मोटरसायकलवर दोन्हीकडे पाय टाकून बसली. तिने हँडल घट्ट धरलं. उघड्या दारातून गल्ली दिसत होती, पार वळणापर्यंत.

“उतर आता,” बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले.

“थांबा हो. आत्ता तर निघालेय.”