नाव, माहीत असल्यास

या बाबांनो, जरा पुढं सरकून बसा. एका दुकानातली गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मन लावून ऐका.

म्हातारे घड्याळजी तीन नंबरच्या काउंटरवर आठ गिफ्ट कार्डं मांडून उभे होते. वरच्या खिशात मोबाईल, चालूच.

कॅशियरबाईंनी कार्डांवर तळहात ठेवला. मशीनवर फिरवल्याशिवाय कार्डात पैसे उतरत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काका, एवढी कार्डं कुणाला?"

"नातवंडांना."

"आठ नातवंडं?"

"तुम्ही काय जनगणनेला आलात? पैसे माझे आहेत."

"तुमचेच आहेत, म्हणून तर विचारतेय. फोनवर कोण आहे?"

घड्याळजींची मान खाली गेली. "टॅक्सचे साहेब. आज दंड भरला नाही तर खातं गोठवणार. सोमवारी हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे हो! कार्डांवरचे नंबर वाचून दाखवले की मिटलं, म्हणतात."

"कुठलंही सरकारी ऑफिस गिफ्ट कार्डात दंड घेत नाही, काका."

रांग चुळबुळली. मॅनेजर तरातरा आला. "बाई, गिऱ्हाईक मागतंय ना? द्या! नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"बसेन की! पण हात उचलणार नाही."

घरी बसायची भीती त्यांना उरली नव्हती. लेकाला फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी लागली होती. दुखऱ्या गुडघ्याला बांधायचा पट्टा त्यानंच आणलेला. सकाळीही डबा उचलताना म्हणाला होता, "सोड ते काउंटर आता. मी आहे ना."

"आणा इकडं तो फोन," बाई म्हणाल्या. "बघतेच तुमच्या साहेबाकडं."

त्यांनी फोन कानाला लावला.

"आजोबा, मिळाली का कार्डं? घाबरू नका. मी आहे ना."

असल्या लोकांसाठी बाईंची शिव्यांची माळ तयारच असे. आज ती ओठांशीच अडकली.

"काय झालं? दातखीळ बसली?" मॅनेजर खेकसला.

बाईंनी फोन बंद केला. आठही कार्डं परत खुंटीला अडकवली. "काका, घरी जा. ऑपरेशन सोमवारीच होईल."

मग त्यांनी खणातून पोलिसांचा तक्रार अर्ज काढला.

"उगाच लचांड नको हं," मॅनेजर म्हणाला. "जाऊ द्या आता."

"नाही जाऊ देणार."

वेळ लिहिली. फोन नंबर लिहिला. अक्षर ठसठशीत. शेवटी राहिला तो रकाना, आजवरच्या प्रत्येक अर्जात कोरा गेलेला: 'संशयिताचं नाव, माहीत असल्यास.'

बाईंनी पेन घट्ट धरलं आणि सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच ठेवलेलं नाव सावकाश लिहिलं. पुढं आपलंच आडनाव.

देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या आईची आठवण ठेवा.