वीस मिनिटांचं दर्शन

एका दिवसात सात देवळं करायची तर प्रत्येक ठिकाणी वीसच मिनिटं, हे ड्रायव्हरनं सकाळीच बजावलं होतं. सगळे गाडीतच चपला काढून पळायचे आणि वेळेत परतायचे. उशीर फक्त एकट्या आजींना! सहाव्या देवळापाशी हॉर्न वाजवून वाजवून त्याचा हात दुखायला लागला, तेव्हा कुठे त्या डुलत डुलत आल्या.

"आजी, आता मात्र हद्द झाली! तुम्हालाच दुप्पट वेळ कसा लागतो?"

"दोनदा रांगेत उभी राहते रे. एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्यासाठी. तू आपला सारखा लोकांच्या चपला राखत बसलेला."

अकरा वर्षं तो याच फेऱ्या मारत होता, पण एकाही देवळाची पायरी चढला नव्हता.

सातव्या देवळाशी आजी उतरल्याच नाहीत. "जा तू. चपलांपाशी मी बसते."

वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. अख्खी गाडी ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडू लागली. शेवटी तो धापा टाकत आला.

"अहो, वेळेचं काही भान?" मागून कुणीतरी खेकसलं.

त्यानं गाडी सुरू केली आणि आरशात बघत म्हणाला, "आजी, तुमचंही झालं."