आधी टेकव, मग आवळ

तिसऱ्या दिवशी दुपारीही कमानपाट्यातला जुना बुश जागचा हलेना. मास्तर गाडीच्या पोटाखाली उताणे पडून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करून त्यांनी मास्तर हे नाव कमावलं होतं. आज त्याच मास्तरांची परीक्षा होती, आणि परीक्षक म्हणून दारातल्या स्टुलावर त्यांची मुलगी बसली होती.

परीक्षा त्यांनीच ओढवून घेतली होती. गेल्या महिन्यात त्यांनी एका गाडीचं चाक बसवलं आणि नट आवळायचेच विसरले. चाक वळणावर निखळलं. माणसं वाचली ती नशिबाने. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं आता वाढतच जाणार. मुलगी म्हणाली, बाबा, गॅरेज बंद करा. मास्तर असे भडकले की दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, ही पन्नास वर्षांची गाडी एकट्याने बिनचूक करून दाखवतो, एक चूक निघाली तर किल्ली तुझ्या हातात. मात्र तू गाडीला बोट लावायचं नाही आणि तोंडही उघडायचं नाही.

म्हणून ती रजा टाकून, तोंड शिवून बसली होती. समोरच्या भिंतीवर मास्तरांनीच रंगवलेली ओळ होती : आधी टेकव, मग आवळ. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच आवळायचे. अधांतरी आवळले तर आतलं रबर पिळलं जातं, गाडी उंच अडकून राहते आणि महिन्याभरात रबर फाटतं. ही चूक करणाऱ्या प्रत्येक उमेदवाराचा कान मास्तरांनी पिळला होता. दहाव्या वर्षी लुडबुड केली म्हणून मुलीचाही.

बुश म्हणजे तसं काय, लोखंडी नळीत बसवलेलं रबर. पण मागच्या कमानपाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, ते पन्नास वर्षं चिखलपाणी खात बसलं होतं. उजव्या बाजूचं दोन दिवसांत निघालं. डावं मात्र हट्टाला पेटलं होतं. तेल पाजून झालं, हातोडा झाला, गॅसच्या ज्योतीने रबर जाळून झालं. गॅरेजभर काळा धूर आणि मास्तरांचा खोकला, नळी आपली जिथल्या तिथे. शेवटी करवतीचं पातं आत सरकवून ते ती कापत बसले. पातं सारखं सटकत होतं. मुलीला बघवेना. उठून मदत करावी असं तिला वाटत होतं, आणि हरू देत एकदाचे, असंही वाटत होतं. त्या दुसऱ्या वाटण्याची तिला लाज वाटली.

चार वाजता नळी खणकन फरशीवर पडली. मास्तर बाहेर आले, तोंडाला काजळी, आणि लहान पोरासारखे हसले. म्हातारा अजून मोडीत निघाला नाही, असं स्वतःलाच म्हणाले. साबणाचं पाणी लावून त्यांनी दोन्हीकडे नवे बुश बसवले. मग पाना घेतला आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट जीव खाऊन आवळले. मुलीने एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मास्तरांनी जॅक सोडला. गाडी हळूहळू खाली आली.

ते कौतुकाने गाडीभोवती फिरले. मागे आले आणि थबकले. गाडी मागून चार बोटं उंच उभी होती. त्यांनी गुडघे टेकून खाली पाहिलं. उठले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

"हे अधांतरी कुठल्या गाढवाने आवळले?"

गॅरेजात तिसरं माणूस नव्हतं. ते खरंच विचारत होते. दहा मिनिटांपूर्वीचं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. मुलगी स्टुलावरून उठली.

"मी आवळले, बाबा. चुकलं माझं."

मास्तर कान पिळायला पुढे झाले. हात वाटेतच थांबला. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले. नखातसुद्धा काळं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचे हात पाहिले, बराच वेळ पाहिले. आणि खिशातून गॅरेजची किल्ली काढून तिच्या त्या स्वच्छ हातावर ठेवली.