त्याच्या ट्रकमधून उतरलेली बाई

"हाच," विल्मा म्हणाली. टेबलावरच्या सहा जुन्या फोटोंपैकी चौथ्यावर तिने बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं लगेच मागे घेतलं.

डिटेक्टिव्ह डोरीनने मान हलवली. व्हर्लिन स्ट्राउड. गेल्या आठवड्यात तो पकडला गेला, तेव्हापासून कॅन्ससमध्ये दुसरा विषय नव्हता. दर रविवारी चर्चमध्ये गाणारा सत्तरीचा म्हातारा. अकरा बायकांचा गळा आवळला होता त्याने. 'अकरा' एवढं ऐकूनच विल्माने टीव्ही बंद केला होता.

तीस वर्षांपूर्वी लाँड्रीतली कामाची पाळी संपवून ती घरी निघाली होती. बर्फ पडत होता. त्याने ट्रक थांबवला, ती चढली. गाव मागे पडलं आणि गळ्याभोवती दोरी आली. ती त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली. दार उघडून तिने धावत्या ट्रकमधून उडी टाकली. मोडलेला हात सावरत पोलीस ठाण्यात शेरीफकडे गेली, तर तो हसला. "जास्त झाली होती का गं? घरी जा, झोप काढ."

त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही. बर्फावर घसरले, असंच नवऱ्यालाही सांगितलं. पण कुठे एखादी बाई बेपत्ता झाल्याचं कानावर आलं, की ती ताट बाजूला सारायची. आपण अजून ओरडायला हवं होतं.

"इथे सही करता, बाई?" डोरीनने कागद पुढे केला.

"थांब पोरी. आधी एक सांग." विल्माने कागदाला हात लावला नाही. "त्या अकरांतल्या माझ्यानंतरच्या किती?"

"पेपरात वाचलं नाहीत?"

"छाती झाली नाही गं."

डोरीनने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली. "जबाबात तो म्हणाला, 'एक जण माझा चेहरा बघून जिवंत सुटली. आज पोलीस येतील, उद्या येतील, म्हणून मी दाराकडे बघत बसायचो.' पुढच्याच आठवड्यात त्याने ट्रक विकला. आम्ही सगळ्या तारखा ताडून पाहिल्या."

विल्माने टेबलाची कड घट्ट धरली. "म्हणजे?"

"अकराही तुमच्या आधीच्या, बाई. तुमच्यानंतर एकही नाही."