ठकीची विनंती

पहिला मुलगा घडाघडा वाचून खाली उतरला, ठकी माइकपाशी गेली आणि वर्गाच्या बाई बाकावर पुढे सरकून बसल्या.

मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेतल्या, विनंत्या त्या दिवशी पहिल्यांदाच धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं म्हणत होती. एकानं आपली विनंती वाचायची, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "प्रभू, आमची विनंती ऐक." इतकं साधं. पण ठकी बोलताना अडखळायची. सात वर्षांची पोर, एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखा वर काढायची. गाण्याच्या मास्तरांनी आदल्या दिवशी बाईंना तोंडावर सांगितलं होतं, "हट्ट पुरे झाला. चर्च भरलेलं असतं. पोरीचं हसं होईल."

"तिनं स्वतः मागून घेतलंय," बाई म्हणाल्या होत्या. "मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

ठकीनं चवड्यांवर उभं राहून माइकची मान खाली वाकवली.

"आ..."

नुसता श्वास ऐकू आला.

"आ... आ..."

पहिल्या बाकावर तिची आई खाली मान घालून बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मागे कुणीतरी खाकरलं. एका तान्ह्यानं भोकाड पसरलं, त्याला बाहेर नेलं. फादरनी बाईंकडे पाहिलं. बाई अर्ध्या उठल्याच होत्या. चार पावलं टाकायची, पोरीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि वाक्य आपणच म्हणून टाकायचं. सगळ्यांची सुटका. आपलीसुद्धा.

त्यांनी बाकाची कड घट्ट धरली आणि परत खाली बसल्या.

"आ... आजा..."

लोकांना राहवेना. उजवीकडच्या एका म्हातारबाबांना दया आली, त्यांनी सुरुवात केली आणि बघता बघता सगळं चर्च त्यांच्यामागून म्हणालं, "प्रभू, आमची विनंती ऐक."

संपलं. पुढचा मुलगा उठून चालूही लागला. बाईंनी डोळे मिटले.

"थां... थांबा. मा... माझं झालं नाही."

कुणी हसलं नाही. पुढचा मुलगा होता तिथंच उभा राहिला. फादरनी हातातलं पुस्तक मिटलं आणि आज दुसरं काही कामच नसल्यासारखे ते आपल्या खुर्चीत टेकून बसले.

ठकीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. किती वेळ गेला कोण जाणे.

"आजारी मा... माणसांसाठी," ती म्हणाली. बाईंनी लिहून दिलेलं वाक्य इथं संपत होतं. ठकीनं कागद खाली ठेवला. "आणि जे त्यांना भ... भरवतात, आणि मग मो... मोरीत जाऊन रडतात, त्यांच्यासाठी."

ओढणीशी चाळा करणारी बोटं थांबली. आईनं मान वर केली.

चर्चमध्ये चिडीचूप. एकदा चूक झाली होती, आता हिंमत कुणाची होणार? विनंती संपली की अजून बाकी आहे, कळायला मार्ग नव्हता. म्हातारबाबांनी तर स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

ठकीनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"आता म्हणा," ती म्हणाली.