हरलेल्याची खुर्ची

“मात,” काका म्हणाले. “ऊठ. आपल्या जागी जाऊन बस.”

बाबांनी कोंडीत सापडलेल्या आपल्या राजाकडे क्षणभर पाहिलं आणि ते खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. एक हात मोडलेली ती खुर्ची हरलेल्याची. गादीची जिंकलेल्याची. जिंकलेल्याने आधी बोलायचं, हरलेल्याने त्याला तोंड द्यायचं.

शेजारचे काका आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यापासून तो औषधांऐवजी मतांच्या पुड्या बांधतो, असं बाबा म्हणत. आई गेल्यानंतरच्या ओसाड संध्याकाळी दोघांनी आधी बुद्धिबळाचा पट मांडला, मग वाद. फाशीची शिक्षा असावी का, म्हातारपणी लग्न करावं का, इमारतीत कुत्री पाळू द्यावीत का; विषयांना तोटा नव्हता.

मुलगी स्वयंपाकघरात भांडी पुसत ऐकत होती. ती दातांच्या कवळ्या घडवायची. परक्यांच्या हसण्याला दिवसभर आकार द्यायचा आणि संध्याकाळी या घराच्या शांततेत परतायचं. दुसऱ्या शहरातली नोकरी सोडून ती इथे आली, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं.

आजचा विषय मूळचा तिचाच. मागे एकदा चहाचे कप ठेवताना तिने तो सहज सोडून दिला होता: बिनलग्नाच्या बाईने एकटीने मूल दत्तक घ्यावं का? दोघांनी तो असा उचलला की दर बैठकीला तोच निघू लागला.

“घ्यावं,” काका म्हणाले. “माया करायला लग्नाचा दाखला लागत नाही.”

“माया करायला नाही लागत. वाढवायला चार हात लागतात.” बाबांचा आवाज रंधा मारलेल्या फळीसारखा गुळगुळीत होता. “ती आजारी पडली तर पोराकडे कोण बघणार? शाळेत बापाचं विचारलं तर त्याने काय सांगायचं? हौस आईची आणि जाब पोराने द्यायचा, असं ते.”

“बोललास छान,” काका म्हणाले. “अगदी जीव ओतून बोलतोस, लेका.”

तिने पुसलेलं ताट पुन्हा पुसलं.

सोमवारी दत्तक संस्थेच्या बाई घर पाहायला येणार होत्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्या समोर बसवून विचारत. एकाचाही नकार आला तर अर्ज तिथेच थांबायचा. बाबांना तिने अजून काही सांगितलं नव्हतं. आधी कानोसा घ्यावा म्हणून विषय सोडला होता. आता त्यांचा एकेक मुद्दा तिच्यात काचेच्या कणासारखा रुतून बसला होता.

दोन गल्ल्या पलीकडे तिने भाड्याची एक खोली पाहून ठेवली. तिथे नाही म्हणायला कुणी नसणार होतं. हो म्हणायलाही.

सकाळी बाबा पटासमोर एकटेच बसलेले दिसत. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत आणि स्वतःवरच चिडत.

“बाबा, खेळ आहे तो. किती जिवाला लावून घ्याल?”

“एकदा तरी जिंकायला हवं,” ते म्हणाले. “लवकर.”

कारखान्यात जन्मभर फर्निचर घडवलेल्या त्यांच्या हातांना स्वस्थता ठाऊक नव्हती. शुक्रवारी ती कामावर निघाली तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी वाकून सँडपेपर घासत होते. तिच्या भुवईवरची जुनी खूण याच टेबलाची. त्या वेळी आईने किती विनवलं होतं. पण माणसाने जपून चालावं, लाकडाने नव्हे, असं म्हणून बाबांनी हत्यार उचललं नव्हतं.

“हे आता कशाला काढलंत?”

“हाताला चाळा,” ते मान वर न करता म्हणाले. भुशाचा बारीक धूर उन्हात तरंगत होता.

शनिवारी संध्याकाळी ती खोलीची किल्ली घेऊनच घरी आली. दोघे पटावर वाकले होते.

“बाबा, मला बोलायचंय.”

“डाव संपू दे.”

ती टेबलाजवळ उभी राहिली. बाबांनी वजीर पुढे सरकवला आणि मरू दिला. काकांनी तो खुशीत उचलला, मग त्यांचा हात हवेतच थबकला. बाबांच्या घोड्याने झेप घेतली.

“मात,” बाबा म्हणाले.

काका बराच वेळ पट न्याहाळत राहिले. मग कण्हत उठले आणि मोडक्या खुर्चीत जाऊन बसले.

“आता बोल,” बाबा तिला म्हणाले. “किंवा आधी आमचं ऐक. विषय तोच आहे. आज आत जाऊ नकोस, इथे बस.”

“कशाला? तुमचं मत मला पाठ झालंय, बाबा.”

काकांनी चष्मा वर सरकवला.

“पाठ कसं होईल, पोरी? त्याने ते अजून सांगितलंय कुठे? आमचं दोघांचं मत मेलं प्रत्येक वेळी एकच निघतं, मग भांडायचं कुणाशी? म्हणून हरलेल्याने उलट बाजू घ्यायची, असा नियम केलाय. आज पाळी माझी. हा आज पहिल्यांदा खरं बोलणार.”

तिने आधारासाठी टेबलाकडे हात नेला. ज्या कोपऱ्याने कधीकाळी तिची भुवई फोडली होती, तो तळव्याला कुठे लागलाच नाही. आणि पाहिलं तर उरलेले तिन्ही कोपरेही गोल झाले होते.