पोटाला शिवलेले पाय

“हे फुलपाखरू बसायचं नाही, सरपटेल,” प्राध्यापक म्हणाले. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं त्यांनी ते कापडी फुलपाखरू दोन बोटांत धरलं होतं. “डोकं, छाती, पोट. पाय सहा, आणि सगळे छातीला. इथे दोन छातीला आणि चार पोटाला! कुणाची ही कलाकुसर?”

कुणाची ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आठवडाभर शिवणयंत्र त्यांच्याच घरात खडखडत होतं. पुढच्या बाकावर त्यांच्या मुलीचा, ठमीचा, हात अर्धवट वर गेला आणि गुपचूप खाली आला.

शिवणारी मागे भिंतीशी उभी होती. ठमीची आई. वर्गाच्या बाईंनी नवराबायको दोघांनाही शाळेत बोलावलं होतं. तिने फुलपाखरू शिवून आणायचं, त्यांनी ते मुलांना समजावून सांगायचं.

“आधी पुढेच लावले होते हो,” आई म्हणाली. “पण टेबलावर उभंच राहीना. सारखं मागे कलंडायचं. म्हणून थोडे मागे घेतले.”

“वा! म्हणजे देवाचंच चुकलं म्हणायचं. कळवू या त्याला. म्हणावं, आमच्या घरी दुरुस्ती करून मिळते.”

पोरं खदखदून हसली. बाईही हसल्या, मग उगाच खोकल्या.

प्राध्यापकांना टोचून बोलायची हौस होती, आणि हातही बसलेला होता. घरात बातमीचा विषय निघो, नकाशाचा निघो, नळाच्या गळतीचा निघो. आईने तोंड उघडलं रे उघडलं की त्यांची डावी भुवई सावकाश वर जायची. “राहू दे. तुझ्या आवाक्यातलं नाही ते.” बस्स, एवढंच. आवाज म्हणून कधी चढला नाही. शेजारपाजारचे त्यांना सज्जन म्हणत. ठमी त्यांच्या शेजारी बसून निमूट जेवत असायची.

आईला आता त्याचं काही वाटत नव्हतं. तिला एकाच माणसाच्या नजरेत मोठं व्हायचं होतं, आणि ते माणूस दुसरीत शिकत होतं. टेबलावरची काचेची बरणी त्यासाठीच तर आणली होती. कुंडीतल्या लिंबावर सापडलेली अळी मायलेकींनी मिळून वाढवली होती. ठमी रोज कोवळी पानं खुडून आणायची. अळीने कात टाकली की दोघी टाळ्या पिटायच्या. कोश झाला त्या दिवशी ठमी गळ्यातच पडली. “आई, तुला सगळं कसं गं माहीत?” त्या एका वाक्यावर आई इतके दिवस तरंगत होती. आज कोश काळवंडला होता. आज फुलपाखरू निघणार, ठमी ते खिडकीतून सोडणार, असं दोघींचं ठरलं होतं.

“बाबा, हललं!” ठमी ओरडली.

सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. प्राध्यापकांनी बरणीच्या तोंडावरचं फडकं सोडलं. कोशाला कुशीत एक गोल भोक पडलं. मिशा दिसल्या. मग बाहेर आलं ते बारीक, काळं, चकचकीत. पंख होते, पण फुलपाखराचे नव्हते.

“गांधीलमाशी!” प्राध्यापकांचा चेहरा उजळला. “आमच्या बाईसाहेबांनी इतके दिवस पानं चारून गांधीलमाशी पोसली!”

पुन्हा हशा. हशा ओसरू देऊन त्यांनी मुलांना समजावलं. “अळी असते तेव्हाच माशी तिला टोचते. अंगात अंडं घालून जाते. अळीला पत्ताही नसतो. ती खाते, वाढते, शहाण्यासारखा कोश करते. आत वाढत असतं ते दुसरंच.”

“बाहेरून काहीच कळत नाही?” बाईंनी विचारलं.

“पाळणाऱ्याला? छे! त्याला वाटतं, काय छान चाललंय आपलं.”

आई पुढे आली. ठमीजवळ गुडघे टेकून बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. “ठमे, वाईट वाटून घेऊ नकोस हं. आपण दुसरी अळी आणू. या वेळी आधीपासून जाळीत ठेवू, म्हणजे मग…”

ठमीने हात झटकला नाही. ती नुसती बाजूला सरली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिची डावी भुवई सावकाश वर गेली.

“राहू दे, आई. तुझ्या आवाक्यातलं नाही ते.”

या खेपेला कुणी हसलं नाही. प्राध्यापकांनी घाईघाईने फडकं उचललं आणि बरणीच्या तोंडावर घट्ट आवळून बांधलं. माशी केव्हाच बाहेर पडली होती.